रात्री गाडी झोपते कुठे?

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सिकंदराबादेत आपली मराठी मंडळी आली ती बरीचशी नोकरीच्या निमित्ताने. कुणी रेल्वेत, कुणी संरक्षण खात्याच्या कारखान्यात, कुणी बँकेत, आणि अलीकडची तरुण मंडळी संगणकाच्या कंपन्यांत. आज आपल्या निमंत्रणाला मान देऊन आमचे काही तेलुगू आणि तमिळ सहकारीही आले आहेत, त्यांचेही स्वागत. माझी सगळी नोकरी रेल्वेच्या यांत्रिक विभागात गेली, त्यातली बरीच वर्षे डिझेल शेडमध्ये. कार्यवाहांनी मला बजावले होते, "काका, रेल्वेवर बोला, पण वेळापत्रक वाचून दाखवू नका!" म्हणून मी असा विषय निवडला, जो वेळापत्रकात कधीच छापला जात नाही.

मुंबईची लोकल आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिली आहे. रात्री एकच्या सुमारास शेवटची गाडी जाते आणि पहाटे चारच्या आसपास पहिली धावू लागते. मधल्या वेळात त्या गाड्या कुठे असतात? जिथे गाडीला वेगळे इंजिन असते तिथे ते इंजिन गाडीच्या कोणत्या टोकाला असते, बंद असते की धडधडत असते, आणि त्याच्यापाशी कोणी असते का? प्रश्न साधे आहेत. पण त्यांच्या उत्तरांवर सकाळची गाडी वेळेवर सुटणे, यार्डाशेजारच्या माणसांची झोप आणि कधी कधी माणसांचे प्राणही अवलंबून असतात.

सकाळची गाडी आदल्या रात्री ठरते

आपल्या ओळखीच्या गाडीपासून सुरुवात करू. दख्खनची राणी १ जून १९३० रोजी सुरू झाली. ती सकाळी पुण्याहून निघते, चाकरमान्यांना मुंबईला पोहोचवते आणि संध्याकाळी त्यांना घेऊन परत येते. म्हणजे ती दिवसा मुंबईत उभी असते आणि रात्री पुण्यात. मनमाड-नाशिककडच्या लोकांची पंचवटीही तशीच. उलटे केले असते तर? गाडी रात्री मुंबईत ठेवली असती, तर रोज पहाटे तिला रिकामी पुण्याला न्यावी लागली असती, आणि रात्री रिकामीच मुंबईला आणावी लागली असती. चालक, गार्ड, इंधन, घाटाचा चढ, सगळा खर्च करून प्रवासी शून्य.

यातून रोजच्या प्रवासाच्या गाड्यांचा पहिला नियम निघतो. जिथे प्रवासी झोपतो, तिथेच त्याची गाडी झोपली पाहिजे. ऐकायला हे अगदी सोपे वाटते. पण त्याचा अर्थ असा, की शहराच्या मोठ्या वर्कशॉपपासून पन्नास-साठ किलोमीटर दूर, एखाद्या लहान गावाच्या टोकाला, रात्रभर अनेक गाड्या आणि अनेक इंजिने उभी करण्याची सोय हवी.

ही व्यवस्था मोठ्या प्रमाणावर पाहायची तर अमेरिकेकडे पाहावे लागते. मुंबईत १९२५ पासून विजेच्या लोकल धावू लागल्या. अमेरिकेत मात्र बऱ्याच शहरांत रोजच्या चाकरमान्यांच्या गाड्या आजही डिझेल इंजिनावर चालतात. शिकागोची मेट्रा, बॉस्टनची एमबीटीए, लॉस एंजेलिसची मेट्रोलिंक, आणि शेजारच्या कॅनडात १९६७ साली सुरू झालेली टोरोंटोची गो ट्रान्झिट ही त्यातली मोठी नावे. आपल्याकडची मुलेबाळे आता तिकडे नोकरीला आहेत, तेव्हा ही नावे पुष्कळांच्या कानावरून गेली असतील.

शिकागोहून पश्चिमेला ऑरोरा नावाचे गाव आहे, सुमारे ६० किलोमीटरवर. सकाळी तिथून आणि वाटेतल्या गावांतून हजारो लोक शिकागोला जातात. त्यामुळे रात्री गाड्यांचा तळ ऑरोराला पडतो. दुसऱ्या मार्गांवर फॉक्स लेक, वॉकेगन अशा ठिकाणीही तेच. सकाळी एकामागून एक गाड्या तिथून सुटतात आणि दहा वाजेपर्यंत तळ जवळजवळ मोकळा होतो. घरातली मंडळी कामावर गेल्यावर दुपारी घर जसे शांत होते तसे!

इंजिन कोणत्या टोकाला?

आता इंजिनाकडे येऊ. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला किंवा आपल्या नामपल्लीला रूळ संपतात, पुढे भिंत. बाहेरगावची गाडी आली की तिचे इंजिन भिंतीच्या बाजूला अडकते. मग मागच्या टोकाला दुसरे इंजिन लागते, ते डबे ओढून नेते आणि तेव्हा कुठे पहिले इंजिन मोकळे होते. लांब पल्ल्याच्या गाडीला हे परवडते. पण संध्याकाळी दर काही मिनिटांनी गाडी सोडायची असेल तर इंजिनांची ही शिवाशिवी करायला ना वेळ असतो ना जागा.

यावर उपाय म्हणजे पुश-पुल पद्धत. गाडीच्या एका टोकाला इंजिन कायमचे जोडलेले, आणि दुसऱ्या टोकाच्या डब्यात चालकाची केबिन. एका दिशेला इंजिन गाडी ओढते, दुसऱ्या दिशेला ढकलते. ढकलताना चालक पुढच्या डब्यात बसून, सगळ्या डब्यांतून गेलेल्या तारांमार्फत, मागच्या इंजिनाला हुकूम देतो. शिकागोत दुमजली डबे १९५० मध्ये आले आणि १९६० च्या सुमारास तिथल्या शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेने त्यांना पुश-पुलची जोड दिली. पुढे ही पद्धत अमेरिकाभर रुळली. आपल्याकडे डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या अमृत भारत गाड्यांना दोन्ही टोकांना इंजिने आहेत, तोही याच घराण्यातला प्रकार.

एकदा इंजिन एकाच टोकाला राहणार म्हटले की कोणते टोक, हे ठरवावे लागते. शिकागो आणि बॉस्टन दोन्हीकडे रिवाज असा, की इंजिन शहराच्या उलट बाजूला, म्हणजे बाहेरगावच्या टोकाला. शहरात शिरताना इंजिन मागून ढकलते, बाहेर जाताना पुढून ओढते. कारण उघड आहे. शहरातल्या स्टेशनात रूळ संपतात तिथे प्रवाशांचा हॉल असतो, माणसांची गर्दी असते. तिथे डिझेलचा धूर आणि आवाज नको. भिंतीजवळ डबे येतात, आणि इंजिन फलाटाच्या दूरच्या टोकाला राहते.

आता गंमत पाहा. हीच गाडी रात्री बाहेरगावच्या तळावर जाते. जाताना इंजिन पुढे असते. म्हणजे ते यार्डात सगळ्यात आत, सगळ्यात शेवटी जाऊन थांबते. सहा गाड्या असतील तर सहाही इंजिने एकाच टोकाला, शेजारी शेजारी. रेल्वेच्या दृष्टीने ही सोयच आहे. इंधनाचा टँकर एकाच जागी उभा करता येतो, विजेची जोडणी एकाच टोकाला करता येते, तपासणीसाला फार पायपीट करावी लागत नाही. पण त्या टोकाला ज्याचे घर आहे, त्याच्या उशाशी सहाही इंजिने आली! शहरातल्या प्रवाशाला धूर लागू नये म्हणून घेतलेल्या निर्णयाची किंमत साठ किलोमीटरवरचा एक रहिवासी रात्री मोजतो. नियोजनाच्या नकाशावर हे दिसत नाही, पण खिडकी उघडली की लगेच कळते.

दिवसाची झोप महाग

रात्रीचे झाले, पण या गाड्यांना दिवसाही उभे राहायला जागा लागते. सकाळी शहरात आलेल्या सगळ्याच गाड्या दुपारी लागत नाहीत. त्या परत बाहेर पाठवायच्या तर रिकामे धावणे आले, आणि शहरात ठेवायच्या तर जमिनीचे भाव!

न्यूयॉर्कमध्ये लाँग आयलंड रेल्वेने १९८० च्या दशकात मॅनहॅटनमध्येच, नदीकाठी, सुमारे ३० रुळांचा वेस्ट साइड यार्ड बांधला. तिथल्या गाड्या मुख्यतः विजेच्या. सकाळी आलेल्या गाड्या तिथे दिवसभर थांबतात आणि संध्याकाळी जवळच्या पेन स्टेशनातून सुटतात. बांधतानाच रुळांमध्ये खांबांसाठी जागा ठेवली होती. पुढे यार्डाच्या पूर्वेकडच्या भागावर छत टाकून हडसन यार्ड्स नावाचे गगनचुंबी इमारतींचे संकुल उभे राहिले, ते २०१९ मध्ये खुले झाले. वर महागडी दुकाने आणि खाली झोपलेल्या लोकल! बॉस्टनमध्ये जागेची इतकी टंचाई झाली की एमबीटीएने २०२३ मध्ये साउथ स्टेशनजवळची विडेट सर्कल नावाची जागा गाड्या उभ्या करण्यासाठी विकत घेतली. नव्या गाड्या घेताना वर्तमानपत्रात डब्यांचे फोटो येतात. त्या उभ्या कुठे करायच्या, हा प्रश्न फोटोत येत नाही.

रात्रभर इंजिन चालू का?

आता तुम्ही विचाराल, गाडी उभी केली तर इंजिन सरळ बंद का करत नाहीत? मोटारीची किल्ली फिरवतो तसे?

शेडमधल्या माणसाला हा प्रश्न विचारला की तो हसतो, कारण उत्तराला चार पदर आहेत.

पहिला पदर पाण्याचा. इंजिन थंड ठेवायला पाणी लागते. अमेरिकेतल्या रेल्वे इंजिनांत मोटारीसारखे न गोठणारे द्रव्य घालण्याची पद्धत नव्हती, गंज न चढण्याचे औषध घातलेले साधे पाणीच असे. ते द्रव्य गळून वंगणाच्या तेलात मिसळले तर बेअरिंग खराब होतात, ही भीती. शिकागोच्या थंडीत पारा शून्याच्या खूप खाली जातो. इंजिन बंद केले तर पाणी गोठेल आणि गोठलेले पाणी पसरून लोखंडाला तडा देईल. म्हणून पाणी फार थंड झाले की आपोआप उघडून सगळे पाणी जमिनीवर सोडून देणारी झडप बसवलेली असते. इंजिन वाचते, पण सकाळची गाडी गेली! त्यापेक्षा इंजिन चालू ठेवलेले बरे, असा जुना हिशेब.

दुसरा पदर बॅटरीचा. एवढे मोठे इंजिन फिरवून सुरू करायला बॅटऱ्या दमदार लागतात. आपल्याकडे थंडीचा प्रश्न नव्हता, पण पहाटे इंजिन सुरूच झाले नाही तर काय, ही धास्ती होती. म्हणून आपल्याही शेडबाहेर आणि यार्डांत डिझेल इंजिने तासन् तास धडधडत उभी असत.

तिसरा पदर हवेचा. ब्रेकला दाबाची हवा लागते आणि ती इंजिनावरचा कॉम्प्रेसर तयार करतो. इंजिन बंद झाले की हवा हळूहळू गळत जाते. या मुद्द्याकडे मी पुन्हा येणार आहे.

चौथा पदर डब्यांचा. दिवे, पंखे, वातानुकूलन, थंडीत डबे गरम ठेवणे, या सगळ्याला वीज लागते. अमेरिकेत ती इंजिनातूनच डब्यांना दिली जाते, ४८० व्होल्टची. एफ ४० नावाचे तिथले प्रसिद्ध इंजिन ही वीज मुख्य यंत्रावरूनच बनवते. विजेची आवर्तने सारखी राहावीत म्हणून ते यंत्र मिनिटाला जवळजवळ ९०० फेऱ्यांनी फिरत ठेवावे लागते, गाडी जागेवर उभी असली तरी. ३००० अश्वशक्तीचे यंत्र पूर्ण आवाजात रात्रभर. तिकडच्या रेल्वेवेड्यांनी या इंजिनांना किंचाळणारी इंजिने असे नाव ठेवले, ते उगाच नाही.

मग यावर उपाय निघाले नाहीत का? निघाले, आणि ते तिकडे आणि इकडे जवळजवळ सारखेच आहेत. तळावर खांबाशी विजेची मोठी जोडणी ठेवायची, आणि गाडी आली की केबल लावून डब्यांना बाहेरची वीज द्यायची. इंजिनाचे पाणी आणि तेल गरम ठेवायला लहान हीटर किंवा लहान जोडयंत्र बसवायचे. आणि मुख्य यंत्र आपोआप बंद-चालू करणारी यंत्रणा बसवायची. पाणी थंड व्हायला लागले, बॅटरी उतरली किंवा हवेचा दाब घटला, तर यंत्र स्वतः सुरू होते आणि काम झाले की बंद होते. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने २००८ मधल्या नियमांत नव्या आणि पुनर्बांधणी केलेल्या इंजिनांना अशी यंत्रणा सक्तीची केली. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या हवाविषयक नियमांत तर डिझेल इंजिन विनाकारण सलग ३० मिनिटांपेक्षा जास्त उभ्याने चालू ठेवायला मनाई आहे.

आपल्या रेल्वेनेही डिझेल इंजिनांवर लहान जोडयंत्र बसवायला सुरुवात केली. रेल्वेने दिलेल्या आकड्यांप्रमाणे मुख्य यंत्र नुसते चालू ठेवले तर ताशी सुमारे २५ लिटर डिझेल लागते, आणि जोडयंत्राला ताशी सुमारे ३ लिटर. सहा तासांची रात्र धरली तर १५० लिटरच्या जागी १८ लिटर. हा एका इंजिनाचा एका रात्रीचा हिशेब. गृहिणींनी लगेच गुणाकार केला असेल!

पण पैशांपेक्षाही मला शेजाऱ्यांचा मुद्दा मोठा वाटतो. लॉस एंजेलिसच्या मेट्रोलिंकच्या मुख्य दुरुस्ती यार्डाशेजारी सायप्रस पार्क नावाची वस्ती आहे. तिथल्या रहिवाशांनी यार्डातल्या धुराबद्दल आणि आवाजाबद्दल २०१० नंतरच्या काळात नेटाने तक्रारी केल्या आणि रेल्वेला इंजिने उभ्याने चालू ठेवण्याबाबत पावले उचलावी लागली. रेल्वे ही पर्यावरणाला चांगली, हे खरेच आहे. एका गाडीत हजार माणसे गेली तर रस्त्यावरच्या शेकडो मोटारी कमी होतात. पण हा फायदा सगळ्या शहराला वाटून मिळतो आणि रात्रीचा धूर मात्र एका गल्लीला मिळतो. त्या गल्लीने तक्रार केली तर तिला रेल्वेविरोधी म्हणून कसे चालेल? माझ्यासारख्याने तर मुळीच म्हणू नये.

उभी गाडी धरून ठेवणे

आता सगळ्यात गंभीर मुद्दा. मघाशी मी हवा गळण्याचे बोललो. चालणाऱ्या गाडीची सगळ्यांना भीती वाटते. पण उभ्या गाडीची भीती बाळगायला शिकवते ते रेल्वेचे प्रशिक्षण.

कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात लाक-मेगांतिक नावाचे लहान गाव आहे. ५ जुलै २०१३ च्या रात्री खनिज तेलाच्या ७२ टाक्यांची एक मालगाडी गावापासून सुमारे ११ किलोमीटरवर, उताराच्या वर, मुख्य मार्गावरच उभी करून एकटा असलेला चालक विश्रांतीला गेला. पुढचे इंजिन चालू होते आणि त्याच्या हवेवर ब्रेक धरलेले होते. हातब्रेक लावले होते, पण फक्त सात. रात्री त्या इंजिनाला आग लागली. अग्निशामक दलाने आग विझवली आणि नियमाप्रमाणे इंजिन बंद केले. दुसरे इंजिन कोणी सुरू केले नाही. हवा गळत गेली, सात हातब्रेकना तो भार पेलवेना, आणि मध्यरात्रीनंतर गाडी आपणहून निघाली. गावाच्या मध्यभागी ती ताशी १०० किलोमीटरच्या वेगाने रुळांवरून घसरली आणि पेटली. ४७ माणसे गेली.

ती प्रवासी गाडी नव्हती. पण रात्री इंजिन उभे करणाऱ्या जगातल्या प्रत्येक माणसाने हा प्रसंग पाठ करावा असा आहे. इंजिन बंद करणाऱ्याचे चुकले असे म्हणता येत नाही, त्याने आग विझवली. दोष होता तो गाडी धरून ठेवण्याचे काम हवेवर सोडण्यात. हवेचा ब्रेक गाडी थांबवण्यासाठी असतो. रात्रभर धरून ठेवायला लोखंडच पाहिजे. हातब्रेक, चाकाखाली ठोकळे, साखळी, आणि गाडी निसटलीच तर तिला मुख्य मार्गावर जाऊ न देता बाजूला उतरवणारा सापळा.

आपल्याकडेही इशारा मिळाला आहे. २५ फेब्रुवारी २०२४ रोजी जम्मूतील कठुआ स्टेशनात उभी असलेली खडीची मालगाडी चालकाशिवाय उतारावरून निघाली आणि सुमारे ७० किलोमीटर धावत पंजाबात उची बस्सीपर्यंत गेली. वाटेतली फाटके बंद केली, मार्ग मोकळा ठेवला आणि अखेर तिला थांबवले. कुणालाही इजा झाली नाही. आपण त्याला नशीब म्हणू, पण रेल्वेने नशिबावर चालायचे नसते.

म्हणून रोजच्या प्रवासाच्या गाड्यांचा तळ निवडताना जमीन शक्य तितकी सपाट पाहतात. अमेरिकेत आणखी एक चांगला नियम आहे. गाडीखाली किंवा गाड्यांमध्ये माणूस काम करत असेल तर तिथे निळा झेंडा किंवा निळा दिवा लावतात, आणि ज्या कामगारांनी तो लावला त्यांच्याशिवाय दुसऱ्या कोणी तो काढायचा नाही. आपल्या शेडमध्ये लाल झेंडी किंवा लाल पाटी हेच काम करते. रात्री तीन वाजता डोळे जड झालेले असताना ही एक पाटीच माणसाला घरी सुखरूप पाठवते.

मुंबईची लोकल आणि आपली एमएमटीएस

मुंबईच्या लोकलला यातले बरेच प्रश्न पडत नाहीत. तिला वेगळे इंजिनच नाही. मोटारी डब्यांखाली, केबिन दोन्ही टोकांना, तेव्हा कोणते टोक हा वादच मिटला. रात्री पेंटोग्राफ खाली घेतला की गाडी गप्प. पण जागेचा प्रश्न तिलाही आहे. बारा डब्यांची गाडी म्हणजे सुमारे अडीचशे मीटर. पश्चिम रेल्वेची मुंबई सेंट्रल, कांदिवली आणि विरारची कारशेड, मध्य रेल्वेची कुर्ला, कळवा आणि सानपाड्याची, यांत सगळ्या गाड्या मावत नाहीत. उरलेल्या गाड्या यार्डांत, सायडिंगला, काही तर थेट फलाटांवर रात्र काढतात. कर्जत-कसाऱ्याचा माणूस पहाटे पहिली गाडी पकडतो, कारण ती गाडी आदल्या रात्रीच त्याच्या गावी मुक्कामाला आलेली असते.

आपल्या शहरात एमएमटीएस ऑगस्ट २००३ मध्ये सुरू झाली. तिचे घर मौला अलीला. २०२३ मध्ये सेवा मेडचल आणि उमदानगरपर्यंत वाढली. मार्ग वाढतो तसा प्रश्नही वाढतो. टोकाच्या गावाला पहाटेची गाडी हवी असेल तर टोकाला तळ हवा. तळ नसेल तर गाडी रोज पहाटे शहरातून रिकामी जाणार, म्हणजे पहिली गाडी उशिरा मिळणार. "आमच्याकडे पहाटे गाडी का नाही?" या तक्रारीचे उत्तर पुष्कळदा वेळापत्रकात नसून यार्डात सापडते.

आणि विजेने सगळे प्रश्न सुटतात असेही नाही. सॅन फ्रान्सिस्को ते सॅन होजे या सुमारे ८० किलोमीटरच्या मार्गावर कॅलट्रेनने सप्टेंबर २०२४ मध्ये पूर्णपणे विजेच्या गाड्या सुरू केल्या. धूर गेला, रात्रीची धडधड गेली. पण गाडी उभी करायला जागा, ती धरून ठेवायला ब्रेक आणि पहाटे ती तपासायला माणूस, हे तिन्ही तसेच राहिले.

गाडीबरोबर जागणारी माणसे

त्या माणसांविषयी दोन शब्द बोलतो. अमेरिकेत प्रवासी गाडीच्या इंजिनाची रोज एकदा तपासणी करावी लागते, ब्रेकची पूर्ण चाचणी रोज घ्यावी लागते, आणि ठरावीक मुदतीने, परंपरेने ९२ दिवसांनी, मोठी तपासणी होते. मोठी तपासणी दूरच्या तळावर होत नाही. म्हणून कोणते इंजिन कोणत्या रात्री कुठे झोपणार, याचे कोष्टक अशा बेताने आखावे लागते, की प्रत्येक इंजिन मुदतीच्या आत वर्कशॉपच्या दारात यावे. हे कोष्टक आखणारा माणूस कुणाला दिसत नाही. दिसतो तो फक्त चुकल्यावर.

चालकाचेही तसेच. सकाळी गाडी शहरात आणायची, संध्याकाळी परत न्यायची. मधले तास काय करायचे? तिथल्या कायद्यात कामाची मर्यादा १२ तासांची आहे, पण मधली सुट्टी सलग चार तासांची किंवा जास्त असेल तर ती कामात धरत नाहीत. म्हणजे पहाटे घर सोडलेला माणूस रात्री घरी येतो आणि कागदावर त्याचे तास नियमात बसलेले असतात. मुंबई-पुण्याच्या चाकरमान्याला हा हिशेब वेगळा समजावून सांगायला नको.

आपल्या रेल्वे कॉलनीत वाढलेल्यांना कॉलबॉय आठवत असेल. हातात वही आणि बत्ती घेऊन रात्री-अपरात्री ड्रायव्हरचे दार ठोठावणारा, सही घेऊन पुढच्या दाराकडे जाणारा. घरातल्या बाईने उठून चहा ठेवायचा, डबा भरायचा, आणि मुलांनी कूस बदलून झोपायचे. मोबाइल आल्यावर तो कॉलबॉय गेला. जागरण मात्र गेले नाही. त्या डब्यांची नोंद रेल्वेच्या कुठल्याही रजिस्टरमध्ये नाही, पण पहाटेच्या पहिल्या गाडीत त्यांचा वाटा आहे, हे आज या व्यासपीठावरून सांगितले पाहिजे.

शेवटी आपण सगळे या शहराचे नागरिक आहोत म्हणून एक विनंती. आपल्यापैकी अनेकांनी आता लिंगमपल्लीकडे, मेडचलकडे घरे घेतली आहेत. नव्या मार्गाची, नव्या स्टेशनाची चर्चा निघाली की आपण भाडे विचारतो, फेऱ्या विचारतो. त्याबरोबर तीन प्रश्न आणखी विचारा. गाडी रात्री कुठे उभी राहणार? तिचा आवाज आणि धूर कुणाच्या खिडकीशी येणार? आणि ती तिथे कशाने धरून ठेवणार, आणि पाहायला माणूस कोण? हे प्रश्न आराखडा कागदावर असताना विचारले तर उत्तर स्वस्तात मिळते. रूळ टाकल्यावर विचारले तर महागात, आणि एखाद्या रात्री काही घडल्यावर विचारले तर उत्तराचा उपयोग उरत नाही.

 प्रसादाची वेळ झाली आहे, तेव्हा माझी गाडी इथेच उभी करतो, हातब्रेक लावून!